उजवीकडून

सात कोटी एकोणचाळीस लाख
एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस.
एवढे पैसे भूपाल मगदुमांनी कधी पाहिले नाहीत,
मी तर नाहीच. मी त्यांच्या वह्या लिहायचे,
उद्यमनगरात, मागच्या गल्लीत,
जिथं डब्यातल्या भाकरीलाही कूलंटचा वास यायचा.

आकडा पैशांचा नव्हताच.
बाबालाल मुल्लाणी मिस्त्रींनी तो पांढऱ्या ऑइलपेंटनं
आठ लेथांवर एकेक अंक करून रंगवला होता:
दाराशी सात, मग तीन, नऊ, तीन, नऊ, एक,
भिंतीकडं तीन नि पुन्हा तीन.
मालक म्हणाले, एक दोन तीन लिहायचं सोडून हे काय?
"मूळ संख्या हाय मालक.
हिला कुणाचाच भाग जात न्हाई."

मला खरं वाटेना.
अंकांची बेरीज अडतीस, म्हणजे तीनाची कटकट मिटली.
सात, अकरा, तेरा... दुपारच्या सुट्टीत बसायचे भागत.
आठ हजार पाचशे अठ्ठ्याण्णवपर्यंत जावं लागतं,
हजारावर भागाकार.
माझी वही एकशे एक्क्याऐंशीला संपली.
"फुडचं माझ्यावर सोडा," मिस्त्री म्हणाले.
सोडलं.

"आन् खरी गंमत शेपटीला हाय."
शेवटच्या तीनावर त्यांनी पुसायची चिंधी टाकली.
त्र्याहत्तर लाख त्र्याण्णव हजार नऊशे तेरा:
मूळ.
अजून एक चिंधी. मूळ.
अजून एक.
सातशे एकोणचाळीस मात्र मी स्वतः केला,
तेवीसपर्यंत; दर वेळी बाकी.
मग त्र्याहत्तर. मग नुसता सात,
आणि सात लेथांवर सात तेलकट चिंध्या.

कर्ज काढून मालकांनी नववा लेथ आणला,
त्यासाठी भिंत फोडली.
मिस्त्री ब्रश घेऊन उभेच.
सम अंक नको, पाच नको, शून्य तर नकोच.
एक लिहावा तर तीनानं तुटते,
सात लिहावा तर नवानं.
तीन नि नऊ यांनी आठवडाभर झुलवलं,
शेवटी तेही तुटले.
"हितं संपली ही. हिच्या म्होरं कायबी चालत न्हाई."
नववा तसाच राहिला, बिनआकड्याचा.

त्यानं धंदा बुडाला असं मी म्हणत नाही.
वह्या माझ्याच हातच्या होत्या:
पंपाच्या ऑर्डरी गेल्या, हप्ते थकले, एवढंच.
नववा बँकेनं नेला.

मग शिरोलीचा एक माणूस आला,
म्हणाला, दाराजवळचा द्या, काढायला सोपा.
मिस्त्री आडवे उभे राहिले.
"डावीकडनं न्हाई. सात काढला की
उरल्यालं अकरा खातो."
मी तिथंच पावतीमागं भागून पाहिलं:
एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस,
भागिले अकरा.
तीन लाख अठ्ठावन्न हजार एकशे तीन. बाकी शून्य.
आणि मालकांचे घेणेकरी,
चहावाल्याला धरून, अकराच होते.

म्हणून उजवीकडून.
पाइपांवर घसटत, शिव्या देत,
उरलेल्या सगळ्यांसमोरून एकेक बाहेर पडला:
तीन, तीन, एक, नऊ...
दर वेळी मी वहीत "शिल्लक" लिहायचे
आणि दर वेळी जे शिल्लक असायचं
त्याला कारखानाच म्हणावं लागायचं.

परवा सोमवारी, सुट्टी असून,
त्या गल्लीतून खडखड ऐकू आली.
सात चालू होता.
मागं फरशीवर तेलाचे सात काळे चौकोन,
भिंतीतलं भगदाड विटांनी बुजवलेलं, गिलावा नाही.
मिस्त्री कुणाच्या तरी फवारणी पंपाचं बुश कातत होते.
मी विचारणार होते, सात काढल्यावर काय उरतं?
पण त्यांनी चष्म्यावरून पाहिलं
आणि मी पर्समधलं कुकरचं हँडल पुढं केलं,
आटा गेलेलं.

"सत्तर रुपये."
दोन, पाच, सात, माझ्या डोक्यात आपोआप.
सत्तर सहज तुटतात.
सुटे होते माझ्याकडं.